शेंगदाण्याचं तेल आणि साबुदाण्याएवढी कातडी

मागच्या एपिसोडच्या शेवटच्या पाच मिनिटांत मी एक वाक्य बोलून गेले: "शंका आली तर बायॉप्सी घ्यायची, की कळतं." रेकॉर्डिंग संपवून घरी जाताना नोव्हेना स्टेशनच्या एस्कलेटरवर ते वाक्य मला टोचायला लागलं. कारण ज्या आजाराबद्दल आम्ही बोलत होतो, त्याच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे. बायॉप्सी कुठून घेतली, किती खोल घेतली, कुठल्या द्रवात बुडवली आणि कुठल्या रंगाने रंगवली, यावर काय कळणार ते ठरतं. यातलं एक जरी चुकलं तरी रिपोर्ट येतोच. नीट टाइप केलेला, सहीचा. फक्त त्यात आजाराचं नाव नसतं.

म्हणून हा लेख. आजार कुष्ठरोग, आणि त्यातही त्याचा एक दुर्मीळ प्रकार, जो सिंगापूरमध्ये, म्हणजे मी रोज जिथे जेवायला जाते त्या रस्त्यावरच्या संस्थेच्या कामातून ओळखला गेला.

आधी रस्त्याबद्दल, कारण मला राहवत नाही. नोव्हेनातल्या रस्त्यांची नावं ब्रह्मदेशातली आहेत: मौलमेन, इरावडी, मिनबू, आणि मंडाले. मंडाले म्हटलं की आपल्याला टिळक आठवतात. १९०८ ते १९१४ ते तिथल्या तुरुंगात होते आणि 'गीतारहस्य' तिथेच लिहिलं गेलं. इथला मंडाले रोड मात्र दवाखान्यांचा आहे. नॅशनल स्किन सेंटर १९८८ पासून इथे आहे, शेजारी टॅन टॉक सेंग हॉस्पिटल, संसर्गजन्य रोगांचं राष्ट्रीय केंद्र, नानयांग विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय. मी याच पट्ट्यातल्या एका प्रयोगशाळेत पोस्टडॉक आहे. माझं काम त्वचेच्या पेशींवर आहे, कुष्ठरोगावर नाही. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते शेजारणीने शेजारच्या घराबद्दल सांगावं तसं समजा. मात्र शेजारीण रोज मायक्रोस्कोपमध्ये कातडीच बघते.

चट्टा नसलेला कुष्ठरोग

महाराष्ट्रात वाढलेल्यांना एक ओळ पाठ असते, कारण ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर रंगवलेली असायची: न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा. ओळ चांगली आहे आणि तिने पुष्कळ माणसांचे हातपाय वाचवले आहेत. कुष्ठरोगाचा जिवाणू, मायकोबॅक्टेरियम लेप्रे, त्वचेत आणि नसांमध्ये राहतो. नस बिघडली की त्या जागेची संवेदना जाते. म्हणून फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्यावर बधिरपणा ही जोडी दिसली की निदान जवळजवळ झालंच.

पण हा आजार सगळ्यांना सारखा होत नाही. जिवाणू तोच, फरक आपल्या प्रतिकारशक्तीत. एका टोकाला अशी माणसं, ज्यांच्या पांढऱ्या पेशी जिवाणूंना घेराव घालतात: एक-दोन चट्टे, जिवाणू शोधूनही सापडत नाहीत, नसेचं नुकसान मात्र लवकर. दुसऱ्या टोकाला शरीर जिवाणूला ओळखतच नाही, आणि एक ग्रॅम कातडीत त्यांची संख्या अब्जाच्या घरात जाऊ शकते. मधल्या पायऱ्या रिडली आणि जॉपलिंग या दोघांनी १९६६ मध्ये मांडल्या, आजही पॅथॉलॉजिस्ट त्याच वापरतात.

या दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे एक प्रकार आहे. १८५२ मध्ये मेक्सिकोत लुसिओ आणि अल्वाराडो या डॉक्टरांनी तो लिहून ठेवला. नंतर जवळजवळ शंभर वर्षं तो विसरला गेला, आणि १९४० च्या दशकात लातापी यांनी पुन्हा उजेडात आणला. याला पसरट किंवा डिफ्यूज लेप्रोमॅटस कुष्ठरोग म्हणतात. यात चट्टा नसतो, गाठी नसतात. सगळीच कातडी हळूहळू, सारखी, आतून भरत जाते. चेहरा तुकतुकीत होतो, सुरकुत्या जातात, माणूस चक्क तरुण दिसायला लागतो. स्पॅनिशमध्ये याला 'सुंदर कुष्ठ' या अर्थाचं नाव होतं. मग भुवया विरळ होतात, पापण्या गळतात, नाक सतत चोंदतं, कधी नाकातून रक्त येतं, हातापायांना मुंग्या येऊन बोटं बधिर होतात.

आता विचार करा, एखाद्या तिशीतल्या बाईचा चेहरा थोडा सुजल्यासारखा आणि चमकदार दिसतोय, भुवयांचे केस जातायत, हाताला मुंग्या येतायत. टोरांटो, म्युनिक किंवा पुण्यातलाही डॉक्टर आधी थायरॉइड तपासेल. मग संधिवात. कुष्ठरोग यादीत तिसरा नाही, तेरावा असेल.

आणि हा प्रकार नुसता रेंगाळत नाही. त्यात अचानक पायांवर, हातांवर लालजांभळे, वेड्यावाकड्या कडांचे डाग उठतात, दुखतात, काळे पडतात आणि फुटून जखमा होतात. याला लुसिओची प्रतिक्रिया म्हणतात. जखमांमधून दुसरा संसर्ग झाला तर माणूस दगावू शकतो. म्हणजे बायॉप्सी नीट झाली की नाही, हा इथे नुसता तांत्रिक प्रश्न उरत नाही.

कुठून घ्यायची

साधा चट्टा असेल तर नियम सोपा आहे: जिथे आजार चालू आहे तिथून घ्या, म्हणजे चट्ट्याच्या उठावदार, लालसर कडेतून. मध्यभागी बऱ्याचदा युद्ध संपून गेलेलं असतं. डाग नुकताच उठलेला असेल तर उत्तम.

चट्टाच नसेल तर? तर हाताने चाचपून जिथे कातडी सगळ्यात जाड, भरल्यासारखी लागते तिथून. लुसिओची प्रतिक्रिया असेल तर ताज्या डागाच्या कडेतून; काळ्या पडलेल्या मधल्या भागातून घेतलं तर मेलेली पेशीच मिळते आणि मेलेल्या पेशी कुणाचंच नाव सांगत नाहीत. ही चूक फार सहज होते, कारण रुग्ण आणि डॉक्टर दोघांचंही लक्ष सगळ्यात भयंकर दिसणाऱ्या जखमेकडे असतं.

पद्धत अशी. जागा लिडोकेनने बधिर करायची. मग पंच, म्हणजे टोकाला गोल पातं असलेली पेन्सिलीसारखी नळी, कातडीवर टेकवून फिरवत आत दाबायची. साधारण चार मिलिमीटर व्यास. साबुदाण्याचा एक मोठा दाणा म्हणा. आत गेलेला तुकडा चिमट्याने अलगद उचलून बुडाशी कापायचा. 'अलगद' हा शब्द महत्त्वाचा आहे. चिमट्याने तुकडा चेमटला तर पेशी चिरडतात आणि स्लाइडवर नुसते निळे फरांटे दिसतात. माझ्या स्वतःच्या पहिल्या कित्येक स्लाइड्स अशाच होत्या (सुदैवाने त्या कुणा रुग्णाच्या नव्हत्या).

खोली हा दुसरा मुद्दा. वरवर खरवडून घेतलेली बायॉप्सी इतर पुष्कळ त्वचारोगांना चालते. इथे चालत नाही. ज्या नसा बघायच्या आहेत त्या खोल असतात, आणि लुसिओच्या प्रतिक्रियेत ज्या रक्तवाहिन्या बघायच्या आहेत त्याही खोल असतात. तुकड्याच्या बुडाला चरबीचा पिवळा थर दिसला पाहिजे. पंचाने तो येत नसेल तर सुरीने शंकरपाळ्यासारखा लांबट काप घ्यावा लागतो आणि एक-दोन टाके जास्त पडतात. डॉक्टर टाके वाचवायला बघतात, रुग्णालाही तेच हवं असतं, आणि चरबी बाटलीत येत नाही.

तिसरा मुद्दा बाटलीचा. नेहमीच्या बाटलीत फॉर्मलिन असतं. ते पेशींना जागच्या जागी घट्ट करतं, म्हणून मायक्रोस्कोपसाठी छान. पण तेच डीएनएचे तुकडे करतं, आणि तुकडा जितके दिवस त्यात पडून राहील तितके जास्त. पुढे जिवाणूची जात ओळखायची असेल तर तुकड्याचा अर्धा भाग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायला हवा. हा निर्णय बायॉप्सी घेण्याआधी करावा लागतो, म्हणजे आजाराची शंका आधीच आलेली असावी लागते. गंमत बघा, जी तपासणी शंका दूर करायला करायची, तिला आधी शंकाच लागते.

तेल

आता माझा आवडता भाग.

कुष्ठरोगाचा जिवाणू क्षयरोगाच्या जिवाणूचा चुलतभाऊ. दोघांच्याही अंगावर मेणासारखं जाड आवरण असतं. त्यांना लाल फुक्सिन रंग दिला आणि नंतर आम्लाने धुतलं, तर बाकी सगळं धुऊन निघतं पण हे लाल राहतात. झील-नीलसन नावाची ही पद्धत क्षयासाठी जगभर वापरतात. पण कुष्ठरोगाच्या जिवाणूचं आवरण नाजूक. बायॉप्सीचा तुकडा मेणात गोठवून त्याचे पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात, आणि रंगवण्याआधी ते मेण झायलीन आणि अल्कोहोलने विरघळवतात. या धुलाईत जिवाणूचं स्वतःचं मेणही थोडं निघून जातं. मग लाल रंग टिकत नाही, आणि जिवाणू स्लाइडवर असूनही दिसत नाही.

यावर गेल्या शतकाच्या पूर्वार्धात निघालेला उपाय म्हणजे फाइट-फराको रंगपद्धत. झायलीनमध्ये शेंगदाण्याचं तेल मिसळायचं. खरंच, शेंगदाण्याचं. मेण काढतानाच तेल जिवाणूच्या आवरणात बसतं आणि त्याला सांभाळतं. पुढे आम्लही सौम्य वापरायचं, आणि शेवटी अल्कोहोल टाळायचं. मग हजार पटीने मोठं करून पाहिलं की निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात, कधी एकेकट्या, कधी विड्यांच्या जुडीसारख्या एकत्र.

पहिल्यांदा ही कृती वाचली तेव्हा मला आमच्या नागपूरच्या स्वयंपाकघरातला तेलाचा डबा आठवला. इतकी यंत्रं, इतक्या किट्स, आणि निदान अडतं कशावर तर फोडणीच्या तेलावर.

अडतं हे मी उगाच म्हणत नाही. कारण ही रंगपद्धत आपोआप होत नाही. कुठल्याही बायॉप्सीला नेहमीचे गुलाबी-जांभळे रंग दिले जातात. फाइट मागावी लागते. न मागता काय होतं ते लुसिओच्या प्रतिक्रियेत बघा. नेहमीच्या रंगात पॅथॉलॉजिस्टला काय दिसतं? रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजलेल्या, आत गुठळ्या, आजूबाजूला दाह, वरची कातडी मेलेली. हे चित्र व्हॅस्क्युलायटिसचं, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या दाहाचं आहे आणि तसाच रिपोर्ट जाऊ शकतो. व्हॅस्क्युलायटिसवर उपचार कुठला? स्टेरॉइड. कातडीत अब्जावधी जिवाणू असताना, नुसतं स्टेरॉइड, प्रतिजैविकांशिवाय. सूज तात्पुरती उतरते, सगळ्यांना बरं वाटतं, आणि आजार आत चालू राहतो. तीच स्लाइड तेलाच्या रंगाने रंगवली असती तर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींमध्येच लाल काड्या भरलेल्या दिसल्या असत्या. या प्रकाराची ती खूण आहे.

बाकीच्या खुणाही सांगते, कारण चित्र सुंदर असतं. कातडीच्या सगळ्यात वरच्या थराखाली एक मोकळा, रिकामा पट्टा राहतो. त्याला जर्मन शब्दावरून ग्रेन्झ झोन म्हणतात, म्हणजे सीमा. त्याच्या खाली जिवाणू खाऊन फुगलेल्या पेशी, आतून साबणाच्या फेसासारख्या. त्यांनी जिवाणू गिळलेत पण पचवलेले नाहीत. आणि नसा: बाहेरून शाबूत वाटतात, पण त्यांच्या आवरणातही लाल काड्या. कुष्ठरोग सोडला तर दुसरा कुठलाच जिवाणू नसेत असा घर करत नाही. त्यामुळे स्लाइडवर नस सापडणं आणि नसेत काडी सापडणं, इथे निदान पक्कं होतं.

कानाची पाळी

इतकं सगळं करण्याआधी एक स्वस्त तपासणी आहे आणि माझ्या मते तिला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही. कानाची पाळी चिमटीत घट्ट धरायची, इतकी की रक्त उतरून ती पांढरी पडेल. सुरीच्या टोकाने पाच मिलिमीटर लांब, दोन-तीन मिलिमीटर खोल चिर द्यायची, पातं आडवं करून आतला रस खरवडायचा, आणि काचेवर पसरून रंगवायचा. मग जिवाणू मोजायचे. शून्य ते सहा अशी मोजपट्टी आहे आणि तिच्यावरची प्रत्येक पायरी दहापट. सहा म्हणजे एका दृश्यात सरासरी हजाराहून जास्त जिवाणू. पसरट प्रकारात कानाच्या पाळीतून अशी भरघोस काच निघते, मग चेहरा कितीही सुंदर दिसत असो. मर्यादा आहे: एका ग्रॅममध्ये साधारण दहा हजारांपेक्षा कमी जिवाणू असतील तर काच रिकामी दिसते. म्हणून रिकामी काच म्हणजे आजार नाही असं नव्हे. पण आपण बोलतोय त्या प्रकारात जिवाणूंची टंचाई हा प्रश्नच नसतो.

हे कौशल्य आपल्याकडे गावागावात होतं. मुंबईत वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय १८९० पासूनचं. वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने डॉ. वारदेकरांच्या काळात घरोघरी तपासणी, शिक्षण आणि उपचार हे सूत्र बसवलं. माझ्या शाळेची सहल वरोऱ्याला आनंदवनात गेली होती. सातवीत असेन. आमच्या वर्गातल्या एकीच्या आईने तिला पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या होत्या आणि बजावलं होतं की तिथलं पाणी पिऊ नको. तिने ते आम्हाला बसमध्ये सांगितलं, आणि मी, खरं सांगते, माझीही बाटली दिवसभर पुरवून प्यायले. बाबा आमट्यांचं नाव आम्हाला तोंडपाठ होतं, तरीही. त्या संस्थेचं नाव आजही महारोगी सेवा समिती आहे. 'महारोग' हा शब्द आता कुणी बोलत नाही, पण नावात तो राहिला आहे.

आणखी एक मराठी धागा, थेट बायॉप्सीचा. वसंत रामजी खानोलकर, मूळचे गोव्याचे, टाटा मेमोरियलचे पॅथॉलॉजिस्ट. कर्करोगासाठी ते प्रसिद्ध, पण १९५१ मध्ये त्यांचा कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या डागांच्या सूक्ष्मरचनेवरचा अहवाल आला. सगळे लोक वाढलेला आजार बघत होते. यांनी अगदी लहान, नुकते उठलेले डाग कापून बघितले आणि नसांकडे लक्ष वेधलं. त्यांच्याच संस्थेत कमल रणदिवे आणि बापट यांनी रुग्णांच्या गाठींमधून प्रयोगशाळेत एक जिवाणू वाढवला आणि १९५८ मध्ये तो जाहीर केला. त्यावरून पुढे लसही तयार झाली. पण तो जिवाणू कुष्ठरोगाचा नव्हता, त्याच घराण्यातला दुसरा निघाला. याला मी अपयश म्हणणार नाही. कुष्ठरोगाचा जिवाणू आजपर्यंत कुणालाच काचेच्या बशीत वाढवता आलेला नाही. हान्सेनने तो १८७३ मध्ये नॉर्वेत पाहिला. दीडशे वर्षं झाली. उंदराच्या तळपायात आणि आर्माडिलो नावाच्या खवल्यांच्या प्राण्यात तो वाढतो, तोही दोन आठवड्यांत एकदा दुप्पट होत. त्यामुळे "कल्चर करून बघू" हा नेहमीचा मार्ग इथे बंद आहे, आणि सगळा भार कातडीच्या तुकड्यावर येतो.

दुसरा जिवाणू

२००८ मध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातल्या शियांग हान आणि सहकाऱ्यांनी पसरट कुष्ठरोगाने दगावलेल्या दोन रुग्णांच्या पेशींतला डीएनए वाचला. दोघेही मूळचे मेक्सिकोचे. डीएनए कुष्ठरोगाच्या जिवाणूसारखा होता, पण तोच नव्हता. फरक इतका की ती वेगळी जात ठरली: मायकोबॅक्टेरियम लेप्रोमॅटोसिस. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षं ज्याला आपण एक आजार, एक जिवाणू समजत होतो, ते दोन जिवाणू होते. २०१५ मध्ये त्याचा जीनोम पूर्ण वाचला गेला तेव्हा कळलं की दोघे सुमारे १ कोटी ३९ लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले.

सुरुवातीला वाटलं हा मेक्सिकोपुरता मामला. मग २०१२ मध्ये हान यांच्या गटाने मंडाले रोडच्या नॅशनल स्किन सेंटरबरोबर केलेलं काम छापून आलं: सिंगापूरमधल्या पसरट कुष्ठरोगाच्या दोन रुग्णांच्या त्वचेच्या नमुन्यांत हाच जिवाणू. मेक्सिकोपासून पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला. पुढे म्यानमारमधूनही नोंदी आल्या. म्हणजे मंडाले रोड ते मंडालेचा देश असा नकाशा पूर्ण झाला, अर्थात हा निव्वळ योगायोग.

दोन जिवाणू मायक्रोस्कोपखाली सारखेच दिसतात. दोघेही तेल मागतात, दोघेही लाल. फरक फक्त डीएनएत. आणि इथे पुन्हा एक सापळा आहे. नेहमीची पीसीआर तपासणी आरएलईपी नावाचा एक तुकडा शोधते, कारण मायकोबॅक्टेरियम लेप्रेच्या जीनोममध्ये तो तीस-चाळीस वेळा आलेला असतो. पुन्हा पुन्हा आलेली गोष्ट शोधायला सोपी. दुसऱ्या जिवाणूत तो तुकडाच नाही. त्यामुळे स्लाइडवर लाल काड्यांची गर्दी आणि पीसीआर मात्र "निगेटिव्ह" असं होऊ शकतं. ज्याला हे माहीत नाही तो म्हणेल, पीसीआर अचूक असते, स्लाइडवर दुसरंच काही असेल. ज्याला माहीत आहे तो दुसऱ्या जातीसाठी वेगळी तपासणी लावेल. माझं मत विचाराल तर नवी तपासणी आणि जुनी स्लाइड यांचं पटत नसेल, तेव्हा आधी स्लाइड पुन्हा बघावी.

स्कॉटलंडमध्ये मी पीएच.डी. करत होते त्याच काळात, २०१६ मध्ये, आणखी एक बातमी आली: ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या लाल खारींच्या कानांवर, तोंडावर जे सूजलेले, केस गेलेले डाग दिसत होते ते कुष्ठरोगाचे निघाले. इंग्लंडजवळच्या एका बेटावर मायकोबॅक्टेरियम लेप्रे, आणि स्कॉटलंड, आयर्लंडमध्ये हा दुसरा. आमच्या विद्यापीठाच्या कँटीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आणि २०२५ मध्ये प्राचीन हाडांतल्या डीएनएवरून दिसलं की हा दुसरा जिवाणू युरोपीय माणसं पोचण्याआधीपासून अमेरिका खंडांत माणसांना होता.

बरं, जात ओळखून रुग्णाचा काय फायदा? प्रामाणिक उत्तर: उपचारात आज तरी फार फरक पडत नाही. दोघांनाही तीच तीन औषधं लागू पडतात, रिफाम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन, या प्रकारासाठी बारा महिने. जागतिक आरोग्य संघटनेची ही पद्धत १९८१ पासूनची. पहिल्या काही डोसांतच माणूस इतरांना संसर्ग देण्याच्या अवस्थेतून बाहेर येतो. त्यामुळे माझ्या लेखी क्रम असा: आधी शंका, मग तेलाचा रंग, आणि जातीचं नाव सवडीने. नाव उशिरा कळलं तर एखादा शोधनिबंध लांबतो. शंका उशिरा आली तर बोटं जातात.

आपल्यासाठी

तुम्ही मेलबर्न किंवा स्टुटगार्टला बसून हे वाचत असाल तर वाटेल, आपला काय संबंध. संबंध काळाचा आहे. संसर्ग आणि पहिलं लक्षण यांत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीस किंवा त्याहून जास्त. जगात दरवर्षी पावणेदोन लाखांच्या आसपास नवे रुग्ण सापडतात आणि त्यातले निम्म्याहून जास्त भारतात. २००५ च्या शेवटी भारताने "निर्मूलन" जाहीर केलं, पण त्याचा अर्थ दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण एवढाच होता. गडचिरोली, चंद्रपूर, पालघरमध्ये तो आजार आहेच. घाबरायचं कारण नाही: बहुतेक सगळ्या माणसांचं शरीर हा जिवाणू स्वतःच परतवतं. पण ज्या एखाद्याचं परतवत नाही, त्याचा पत्ता तोवर बदललेला असतो, आणि नव्या पत्त्यावरच्या डॉक्टरने हा आजार फक्त पुस्तकात पाहिलेला असतो.

आणि एक भीती, जी कुणी मोठ्याने बोलत नाही: व्हिसाचं काय? अमेरिकेच्या इमिग्रेशन वैद्यकीय तपासणीत उपचार न झालेला, संसर्गजन्य कुष्ठरोग आजही अडथळ्यांच्या यादीत आहे. उपचार घेतले की तो अडथळा राहत नाही. म्हणजे लपवण्याने नुकसान, तपासण्याने नाही. भारतातही कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं आणि ते २०१९ मध्ये काढलं गेलं. २०१९. आपल्यातल्या पुष्कळांची लग्नं त्याआधीची आहेत.

तर डॉक्टरकडे गेलात, बायॉप्सी ठरली, तर दोन वाक्यं बोला. "मी अशा भागात वाढलो आहे जिथे कुष्ठरोग आढळतो." आणि, "पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर ते लिहाल का?" कारण फॉर्मवर क्लिनिकल माहितीचा एक छोटा चौकोन असतो आणि त्यात बहुतेक वेळा "पुरळ" एवढंच लिहिलेलं असतं. पॅथॉलॉजिस्ट तुम्हाला कधी भेटत नाही; त्याला तो चौकोनच भेटतो. त्यात "जन्म भारतात, बोटांना बधिरपणा, भुवया विरळ" असं असेल तर तो फाइट लावेल. दीड तास जास्त लागेल आणि थोडं शेंगदाण्याचं तेल.

बधिरपणा घरीही बघता येतो. कापसाच्या बोळ्याचं टोक पिळून बारीक करा, समोरच्याला डोळे मिटायला सांगा, शंका असलेल्या जागी आणि मग चांगल्या जागी हलकेच टेकवा, आणि जिथे लागलं तिथे बोट ठेवायला सांगा. ओढायचं नाही, फक्त टेकवायचं. पसरट प्रकारात एका डागापुरतं न बघता बोटं, पावलं, कोपराची मागची बाजू असं सगळीकडे बघा. बोट चुकीच्या जागी गेलं किंवा गेलंच नाही, तर ती जागा पेनाने खूण करून डॉक्टरला दाखवा.